परतलेल्याची पंगत

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वाचकवर्गाच्या चालकबाईंनी मला विषय दिला तो असा, की क्षमा आणि बापाच्या घरी परतणे यावर एखादी ख्रिस्ती कादंबरी वाचून तिच्याविषयी बोला. कादंबरी मी निवडली ती अमेरिकेतली. पण ती ज्या पायावर उभी आहे तो पाया दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीचा आहे, आणि त्या गोष्टीचा अर्थ मला खरा कळला तो एका मराठी बाईच्या पुस्तकावरून. म्हणजे आपल्याला बोरिवलीहून पॅलेस्टाइनला, तिथून पंढरपूर-नगरला आणि मग अमेरिकेला जायचे आहे. तेव्हा जरा सैल बसा.

आपल्यापैकी ज्यांचा शेजार आय. सी. कॉलनीत किंवा गोराई-मनोरीच्या बाजूला आहे, त्यांनी ही मूळ गोष्ट ऐकलेली असेल. मंडपेश्वराच्या लेण्यात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देऊळ करून ठेवले, वर मठ बांधला, आणि आज त्याचे पडके अवशेष आपण बसमधून जाता-येता पाहतो. इतकी ही गोष्ट आपल्या अंगणातली आहे. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात ती येते. मराठीत तिला ‘उधळ्या पुत्राचा दाखला’ म्हणतात.

एका गृहस्थाला दोन मुलगे. धाकटा बापाच्या हयातीतच आपला वाटा मागतो, घेतो, आणि दूरदेशी जाऊन सगळा उडवतो. मग त्या देशात दुष्काळ पडतो. पोटासाठी तो डुकरे राखायला राहतो, आणि डुकरांपुढे घातलेल्या शेंगांनी तरी पोट भरावे असे त्याला वाटू लागते. तेव्हा त्याला घर आठवते. प्रेम आठवते असे नाही हो, भाकरी आठवते! बापाच्या घरी मोलकऱ्यांनाही पोटभर मिळते, आपणही मोलकरी म्हणून राहू, असा हिशेब करून आणि कबुलीची वाक्ये मनात घोकून तो निघतो. तो दूर आहे तोच बाप त्याला पाहतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. त्या काळच्या त्या मुलखात वयस्क, प्रतिष्ठित गृहस्थाने रस्त्याने धावणे शोभेचे मानत नसत, असे अभ्यासक सांगतात. आपल्याकडे तरी पागोट्याचा यजमान कधी धावला आहे? पोराची घोकलेली वाक्ये पुरी होण्याच्या आतच बाप चाकरांना हुकूम सोडतो. चांगला झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडा घाला, पोसलेले वासरू कापा. जेवण होऊ द्या.

या जेवणावर माझे बोट आहे. ही गोष्ट येशूने कशासाठी सांगितली हे त्याच अध्यायाच्या आरंभी दिले आहे, पण कीर्तनात आख्यान रंगले की पूर्वरंग विसरावा तसा तो भाग लोक विसरतात. तिथल्या सोवळ्या, शास्त्र जाणणाऱ्या मंडळींनी कुरकुर केली होती की, हा मनुष्य पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो. म्हणजे तक्रार पंक्तीची होती! तिला उत्तर म्हणून तीन दाखले सांगितले, त्यांतला हा तिसरा. मुलगा डुकरांत राहून आलेला, म्हणजे यहुदी धर्माप्रमाणे पुरता विटाळलेला. त्याला बाप ना आंघोळ घालायला सांगत, ना प्रायश्चित्त. तो सरळ पान मांडायला सांगतो.

आणि थोरला मुलगा? तो शेतातून येतो, घरातले गाणेबजावणे ऐकतो, चाकराला कारण विचारतो आणि रागाने आत जायचे नाकारतो. तोही पंक्तीला बसत नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येऊन विनवण्या करतो, आणि सांगतो की माझे जे आहे ते सगळे तुझेच आहे. थोरला आत गेला की नाही हे गोष्टीत सांगितलेलेच नाही. मला या थोरल्याची थोडी कणव येते. धाकट्याने आपला वाटा नेलाच होता. म्हणजे कापलेले वासरू थोरल्याच्या हिश्श्यातले होते. आपल्याकडे लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने आणि साऱ्या देशात २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, तरी किती घरांत बहिणीकडून आधी हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि मग भाऊबीजेला साडी देतात! तिथे माहेरचे पान कायम राहते, पण ते कशाच्या बदल्यात, हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

या गोष्टीत आई कुठेही नाही, हेही बायकांच्या चटकन ध्यानात येते. ती वारली होती की माजघरात होती, कळत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या भजनांत ख्रिस्तालाच माउली म्हटले. विठ्ठलाला विठाई म्हणणाऱ्या आणि पंढरीला माहेर समजणाऱ्या मुलखात दुसरे काय होणार? पण टिळकांच्या बाबतीत याला आणखी एक कारण असावे असे मला वाटते. त्यांचे वडील कमालीचे कोपिष्ट होते. आई गेल्यावर हा मुलगा लहान वयातच घर सोडून नाशिकला निघून गेला. बापाच्या घरी परतण्याची गोष्ट ज्याच्या हाती पुढे पडली, त्याला परतावेसे वाटेल असे बापाचे घरच नव्हते.

आता त्यांच्या पत्नीकडे येऊ. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळजणींनी शाळेच्या पुस्तकातल्या उताऱ्यापुरती वाचली असतील. कृपा करून सगळी वाचा. १९३४ पासून दोन-तीन वर्षांत त्याचे भाग निघाले, आणि इतक्या वर्षांनी ते आजही वाचकाला हसवते. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने झपाटलेले होते. घरात येणारे मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. अशा घरची ही लेक. तिचा नवरा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला.

तो काळ ध्यानात घ्या. त्याच्या आधी पाचच वर्षे, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मोठी मंडळी जमली होती आणि तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हाती धरली. नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि गावभर गदारोळ झाला. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि पुढे रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाविषयी लिहिले आहे. एका पेल्याची ही कथा; मग नवराच त्या घरचा झाला तर बायकोने काय करायचे?

लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला बहिणीच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. टिळक नगरला होते. रूढीच्या भाषेत अपराध कुणाचा? टिळकांचा, त्यांनी न सांगतासवरता घर फोडले. ते सांगितल्यावाचून निघून जाण्यात तसे तरबेजच होते, लक्ष्मीबाईंनी त्याच्या किती तरी हकिकती हसत हसत सांगितल्या आहेत. आणि शेवटी उठून गेले कोण? लक्ष्मीबाई. लोक या दाखल्याची जोडी लावताना धर्म सोडून गेलेल्या टिळकांना धाकटा मुलगा करतील, किंवा पुढे ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईंना परतलेले लेकरू म्हणतील. माझे मत निराळे आहे. या गोष्टीतला धावत जाणारा बाप म्हणजे लक्ष्मीबाई. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच रस्त्यावर उतरला.

पण एक फरक आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. गोष्टीतल्या बापाने भेट होताच पान वाढले. लक्ष्मीबाई नगरला गेल्या तेव्हा लगेच एका पंक्तीला बसल्या नाहीत. आरंभी त्यांनी आपले सोवळे वेगळे राखले, आपले पाणी वेगळे राखले. नवऱ्याशी मनोमीलन झाले, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशी ती स्थिती. टिळकांनीही तिथे घाई केली नाही. मग हळूहळू विचार करता करता त्यांच्याच मनाने घेतले की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे. आणि कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. माझ्या समजुतीप्रमाणे धर्म बदलण्याआधी त्यांचे स्वयंपाकघर बदलले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. पुढे त्यांच्या नगरच्या घरात किती परकी पोरे वाढली! बालकवी ठोमरेही त्यांच्या घरी राहिलेले. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीचे हे घर.

घाई न करण्यावरून मला आपल्या इथल्याच कान्हेरीची आठवण झाली. कान्हेरीच्या लेण्यांत अवलोकितेश्वर भक्तांना नाना संकटांतून सोडवतो आहे असे शिल्प आहे. त्याचा हा महिमा ‘सद्धर्मपुण्डरीक’ नावाच्या बौद्ध सूत्रात गायिला आहे, आणि त्याच सूत्रात घर सोडून गेलेल्या मुलाचीही एक गोष्ट आहे. तीही ऐकण्याजोगी आहे. मुलगा अनेक वर्षे भणंग होऊन फिरतो. बाप इकडे मोठा धनिक होतो. फिरत फिरत मुलगा नकळत त्याच्याच वाड्याशी येतो. बाप ओळखतो, मुलगा ओळखत नाही. बाप माणसे धावडवतो तेव्हा मुलगा पकडले जाण्याच्या भीतीने मूर्च्छित पडतो. मग बाप युक्ती करतो. त्याला शेण-घाण काढायच्या कामावर घेतो, आणि स्वतः दागिने उतरवून, मळके कपडे घालून, हाती टोपली घेऊन त्याच्याशेजारी जातो. वर्षानुवर्षे असे चालते. मुलगा वाड्यात मोकळेपणी ये-जा करू लागतो, तरी राहायला आपल्या खोपटातच जातो. अगदी शेवटी, मरणकाळी, बाप सगळ्यांदेखत सांगतो की हा माझा मुलगा. एका गोष्टीत मिठी एका क्षणात, दुसरीत एक आयुष्य. दोन्ही खऱ्याच आहेत. रागावून गेलेले माणूस परत आले की आपण बायका त्याच दिवशी पुरणाचा घाट घालतो आणि ते बुजले की आपणच रुसतो.

आता कादंबरी. मॅरिलिन रॉबिन्सन या लेखिकेची ‘होम’, २००८ साली निघालेली. गाव गिलियड, आयोवा राज्यातले, आणि काळ १९५६ चा. रेव्हरंड बाउटन हे निवृत्त पाळक, विधुर, थकलेले. आठ मुलांचा बाप, पण जीव अडकलेला एकात, जॅकमध्ये. हा लहानपणापासून चोरटा, एकलकोंडा. तरुणपणी एका गरीब मुलीला फसवून निघून गेला. ते मूल पुढे वारले. वीस वर्षे घरी फिरकला नाही, आईच्या मरणालाही आला नाही. तो एके दिवशी येतो. दार उघडते ते त्याची धाकटी बहीण ग्लोरी. अडतीस वर्षांची, लग्न ठरले म्हणता म्हणता फसलेली, बापाच्या सेवेला परतलेली.

तिच्या परतण्याला मेजवानी नाही! बायबलच्या गोष्टीत नसलेली बाई या कादंबरीत आहे, आणि सगळी कादंबरी तिच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. ती सकाळी कॉफी करते, बापाला उठवते-बसवते, भावाच्या चेहऱ्यावरून त्याची रात्र कशी गेली ते ओळखते. घरात काही बिनसले की तिची आई काही तरी रुचकर शिजवायला घेई आणि तो वास घरभर पसरे. ग्लोरीही तेच करते. कादंबरीत घडते फार थोडे. मोटार दुरुस्त होते, बाग खणली जाते, बाप-लेक तुटक तुटक बोलतात. ज्यांना कथानकाचा वेग हवा त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

बाप क्षमा करतो का? करतो, रोज करतो, आणि इथेच लेखिकेचे मोठेपण दिसते. म्हातारा प्रार्थनेत, जेवणाच्या टेबलाशी, थरथरत्या हाताने क्षमा करीत राहतो. पण शरीर खचत जाते तसा त्याचा धीरही खचतो, आणि वीस वर्षे गिळलेले शब्द एके दिवशी बाहेर पडतात. जन्मभर क्षमेवर प्रवचने देणारा पाळक शेवटी दमून जातो. ते पान वाचताना मला त्याचा राग आला नाही. ज्यांनी घरातले आजारी म्हातारपण जवळून पाहिले आहे त्यांना येणार नाही.

खरा घाव पुढे आहे. जॅक परतला तो नुसता पश्चात्तापाने नव्हे. त्याची एक बायको आहे, डेला. ती काळी आहे, शिक्षिका आहे, पाळकाची लेक आहे. त्यांना एक मुलगा आहे. त्या काळी अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायदा मान्यता देत नव्हता. देशभरचे ते निर्बंध १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. जॅक पाहायला आला आहे की या गावात, या घरात, आपल्या बायकामुलाला थारा मिळेल का. तो हे बापाजवळ उघड बोलू शकत नाही. दूरचित्रवाणीवर अलाबामातल्या काळ्या लोकांच्या चळवळीची बातमी लागते, आणि बाप, तो प्रेमळ, देवभोळा बाप, त्याविषयी जे उडते बोलतो त्यातून मुलाला उत्तर मिळते. तो गप्प बसतो, आणि बापाचा शेवट जवळ आला असताना निघून जातो. त्यानंतर लगेच डेला मुलाला घेऊन दाराशी येते. ग्लोरी तिच्याशी दाराबाहेर बोलते. त्या मुलाचे नाव आजोबाचेच आहे. डेला थांबू शकत नाही, कारण काळोख पडायच्या आत त्या मुलखातून तिला बाहेर पडायला हवे. आजोबा आत अंथरुणाला खिळलेले, नातू अंगणात, आणि मध्ये उंबरा.

मुलाला क्षमा करणे बापाला जमले, निदान जमत आले होते. त्याच्याबरोबर येणाऱ्यांसाठी त्या घरात पान नव्हते. आपल्या वस्तीत नाव न घेता सांगण्याजोगी अशी घरे मी पाहिली आहेत. मुलीने परजातीत लग्न केले. चार वर्षांनी आईबापांचा राग निवळला, मुलगी गणपतीला येऊ लागली, नातवाचे कौतुकही झाले. जावई मात्र खाली स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पीत बसतो आणि तिला न्यायला रिक्षा घेऊन येतो. त्या घरची माणसे वाईट नाहीत. ती म्हणतात, आम्ही केव्हाच क्षमा केली.

एका गोष्टीची मात्र कादंबरीप्रेमी म्हणून नोंद करते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही ख्रिस्तीच कादंबरी. ती निघाली १८५७ साली, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. कादंबरी म्हणून ती बाळबोध आहे, उपदेश फार, पात्रे बोलतात ती पुस्तकासारखी. पण विषय कोणता घेतला पाहा: विधवांची स्थिती. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, जागोजाग विधवांची दैना पाहते, आणि शेवटी तीच दशा तिच्यावर येते. त्या काळची विधवा बापाच्या घरी परतत असे, तिच्यावर कुणी रागावलेलेही नसे, कारण तिचा अपराधच नव्हता. तरी तिला झगा नाही, अंगठी नाही, आणि शुभकार्याच्या पंक्तीत पान नाही. उधळ्या मुलाला जे न मागता मिळाले ते या निरपराध लेकीला मागूनही मिळाले नाही.

केशवपन गेले, तो काळ गेला. आपल्या मंडळात मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी निघते तेव्हा वाचकवर्गात दर आठवड्याला बरोबरीने बसणाऱ्या सहा-सातजणींची नावे तीत नसतात. कुणी मुद्दाम गाळत नाही. वर्षानुवर्षांच्या यादीवरून नवी यादी उतरते. आणि आय. सी. कॉलनीतल्या ज्या भगिनी आपल्या शिवणवर्गात शिकवतात त्यांनाही ते बोलावणे जात नाही. यंदा तिळगूळ सगळ्याजणींना एकाच वेळी, एकाच सभागृहात द्यावा, अशी सूचना मी लेखी करून आणली आहे. नियमाप्रमाणे तिला दोघींचे अनुमोदन लागते. चहाच्या वेळी कागद माझ्याजवळ राहील. मी खिडकीपाशी बसलेली असेन.